फ्लूची लस घ्यावी की नको? दर मे महिन्यात मला विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात फ्लूच्या लसीचा कॅम्प असतो, लस डॉक्टर आणि सिस्टर देतात, मी फक्त नावं लिहून घेते, फोन करते आणि लोकांच्या शंका ऐकते. मी डॉक्टर नाहीये. पण २०१७ च्या पावसाळ्यात माझी आई फ्लूमुळे अकरा दिवस आयसीयूत होती आणि त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलंय. तुमचं औषधपाणी, जुने आजार, ॲलर्जी याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या फॅमिली डॉक्टरांचाच.

फ्लू म्हणजे सर्दी-पडसंच ना? त्यासाठी सुई कशाला टोचून घ्यायची?

नाही हो, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण नाक वाहायला लागलं तरी "फ्लू झालाय" म्हणतो. साधी सर्दी हळूहळू येते, आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक चोंदतं, पण माणूस कामावर जातो, डबा करतो, सगळं करतो. खरा फ्लू, म्हणजे इन्फ्लुएन्झा, एकदम अंगावर येतो. सकाळी भाजी आणायला गेलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणात असतो, ताप १०२-१०३, हाडन् हाड दुखतं, कोरडा खोकला, डोळे जड, जेवण नको. बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडेसुद्धा रेंगाळतो.

बहुतेक लोक घरीच बरे होतात हे खरंय. पण काहींच्या बाबतीत तो छातीत उतरतो, न्यूमोनिया होतो, आणि शुगर, दमा, किडनी, हृदयाचा आजार आधीपासून असेल तर तो आजारही उसळतो. माझ्या आईला तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं, शुगर होती पण गोळ्यांवर आटोक्यात होती. मंगळवारी तिला कणकण आली, आम्ही पॅरासिटामॉल दिली, गरम पाणी दिलं, "पावसात भिजली असेल" म्हटलं. शुक्रवारी तिला जिन्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागली आणि शनिवारी ती ऑक्सिजनवर होती. त्या आठवड्यात लसीचा विषय आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही नव्हता, कारण आम्हालाही फ्लू म्हणजे सर्दीच वाटायचा.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. फ्लूचा आणि हार्ट ॲटॅकचा संबंध आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टेस्टमध्ये फ्लू निघालेल्या लोकांना पुढच्या सात दिवसांत हार्ट ॲटॅक येण्याचं प्रमाण एरवीच्या मानाने सहापट दिसलं. म्हणजे अँजिओप्लास्टी झालेल्या काकांसाठी हा विषय फक्त ताप-खोकल्याचा नाहीच.

पण स्वाइन फ्लू तर २००९ मध्ये आला होता, तो गेला की आता?

गेला नाही, तो आपल्यातच राहिला. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही तो ऑगस्ट आठवत असेल, ३ ऑगस्ट २००९ ला देशातला या आजाराचा पहिला मृत्यू इथेच झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. त्या व्हायरसचं नाव एच१एन१. नंतरच्या काळात तो दरवर्षी येणाऱ्या फ्लूच्या कुटुंबातलाच एक होऊन गेला, म्हणून आज "स्वाइन फ्लूची लस" आणि "फ्लूची लस" या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एच१एन१ नेहमीच्या लसीतच असतो.

आणि तो शांत बसलाय असंही नाही. २०१५ मध्ये देशात बेचाळीस हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या आणि जवळजवळ तीन हजार माणसं गेली, २०१७ मध्ये पुन्हा अडतीस हजारांच्या वर केसेस आणि दोन हजारांहून जास्त मृत्यू. हे फक्त टेस्ट झालेल्यांचे आकडे, टेस्ट न करता "व्हायरल आहे" म्हणून घरी बसलेले किती ते मोजलेच जात नाहीत. मग २०२३ च्या मार्चमध्ये त्याचा भाऊ एच३एन२ जोरात आला, तो आठवडेच्या आठवडे न थांबणारा खोकला बऱ्याच जणांना आठवत असेल.

आमच्या पणजीच्या पिढीत १९१८ च्या साथीला मानमोडी म्हणायचे. ती जून महिन्यात मुंबई बंदरातून आत शिरली आणि गावंच्या गावं रिकामी करून गेली. तोही एच१एन१ च होता. तेव्हा लस नव्हती, आत्ता आहे, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

मी पस्तिशीचा आहे, जिमला जातो, वर्षात एकदाही आजारी पडत नाही. मला गरज आहे का?

फक्त तुमच्यापुरतं बघितलं तर तुम्हाला फ्लू झाला तरी बहुतेक चार दिवस सुट्टी टाकून बरे व्हाल. तुम्हाला घाबरवण्यात मला रस नाही. पण मी उलटा प्रश्न विचारते, तुमच्या घरात रात्री कोण कोण झोपतं? तुम्ही लोकलने किंवा पीएमटीने जाता, ऑफिसात एसीत बसता, आणि घरी येऊन सहा महिन्यांच्या भाचीला उचलून घेता, किंवा वडिलांच्या शेजारी बसून जेवता. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच तो पसरवत असतो, म्हणजे तुम्हाला स्वतःला ठणठणीत वाटत असताना.

आमच्याकडे आईला तो कुणाकडून आला हे मला माहितीये. माझ्याकडून. आदल्या शनिवारी-रविवारी मला अंगदुखी होती, एक गोळी घेतली आणि सोमवारी कामावर गेले, संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावलं. मी धडधाकट होते म्हणून मला काही झालं नाही.

म्हणून मी लोकांना सांगते की निर्णय स्वतःच्या तब्येतीकडे बघून घेऊ नका, घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघून घ्या. असं कुणीच घरात नसेल, तुम्ही एकटे राहता, तरुण आहात, तर लस घेतली तर चांगलंच, नाही घेतली तर मी तुमच्या मागे लागणार नाही.

मग घ्यायलाच हवी अशी माणसं कोण?

साठी-पासष्टीच्या पुढचे सगळे. शुगर, दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचा, किडनीचा, लिव्हरचा जुना आजार असलेले कुठल्याही वयाचे. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, किडनी बदललेले, स्टेरॉइडवर असलेले, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे ते. गरोदर बायका. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही या वयाच्या मुलांना दरवर्षी द्या अशीच शिफारस आहे. खूप जास्त वजन असलेले, २००९ पासून हे वारंवार दिसलंय की एच१एन१ मध्ये लठ्ठ माणसांना जास्त त्रास होतो.

आणि मग हॉस्पिटलात काम करणारे, सिस्टर, वॉर्डबॉय, आशाताई, लॅबवाले, तसंच घरी म्हाताऱ्या माणसाची देखभाल करायला येणाऱ्या मावशी. शेवटचं हे लोक नेहमी विसरतात. आजींना लस देतात आणि दिवसाचे बारा तास आजींजवळ असणाऱ्या मावशींचा विचारच होत नाही. त्यांच्या लसीचे पैसे घरच्यांनी द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

लस घेऊनही फ्लू होतो म्हणे. मग उपयोग काय?

होतो, खरंय. ज्या वर्षी लसीतले स्ट्रेन (व्हायरसचे उपप्रकार) आणि बाहेर फिरणारे स्ट्रेन जुळतात त्या वर्षी लसीमुळे फ्लूसाठी डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे समजा लस न घेतलेल्या शंभरातल्या दहा जणांना फ्लू झाला असता, तर घेतलेल्या शंभरात चार ते सहा जणांना होईल. गोवरच्या लसीसारखं पक्कं कवच हे नाही, आणि एच३एन२ जोरात असलेल्या वर्षी तर अजून कमी असतं, म्हाताऱ्या माणसांत अजून कमी.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांच्यात ॲडमिट व्हायचं, आयसीयूत जायचं प्रमाण कमी दिसतं. हृदयाच्या पेशंटबद्दल तर एक चांगला प्रयोगही झालाय, हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या लोकांना हॉस्पिटलातच असताना फ्लूची लस दिली आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, आठ देशांतले अडीच हजारांवर पेशंट होते, २०२१ मध्ये निकाल आला, वर्षभरात लस घेतलेल्या गटात मृत्यू कमी झाले. आई आता दरवर्षी घेते. २०१९ मध्ये लस घेऊनही तिला ताप-खोकला झाला होता, फ्लूच होता की दुसरं काही ते टेस्ट केली नाही, पण चार दिवसांत उठून चहा करायला लागली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, तरी मला तो चहा आठवतो.

गेल्या वर्षी तर घेतली होती, परत का? पोलिओसारखे लहानपणीच डोस संपले असं का नाही?

दोन कारणं. एक म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी सहा-आठ महिन्यांत कमी होत जातात. दुसरं, हा व्हायरस सतत आपला वेष बदलतो. जागतिक आरोग्य संघटना जगभरातल्या लॅबमधून आलेले नमुने बघून वर्षातून दोनदा ठरवते की पुढच्या लसीत कुठले स्ट्रेन घालायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्या पुण्यातली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, याच जाळ्याचा भाग आहे. म्हणजे गेल्या वर्षीची लस ही गेल्या वर्षीच्या फोटोवरून चोर ओळखायला सांगण्यासारखी आहे, तो दाढी काढून आला की पहारेकरी गोंधळतो.

कधी घ्यायची? दुकानात कधीही मिळते की

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

यूट्यूबवर सगळे सांगतात ऑक्टोबरमध्ये घ्या. ते अमेरिका-युरोपसाठी बरोबर आहे, तिकडे फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात येते, जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, आणि मग एक छोटी लाट जानेवारी ते मार्चमध्ये. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. श्रीनगरकडे राहणाऱ्यांचं गणित वेगळं, तिकडे लाट थंडीतच असते.

वारीला जाणारे असतील तर हे अजूनच लक्षात ठेवा. पालख्या ज्येष्ठात निघतात, वारकऱ्यांमध्ये साठी-सत्तरीची माणसं किती असतात, पावसात भिजणं, तंबूत पंधरा-वीस जण एकमेकांना चिकटून झोपणं, दोन-अडीच आठवडे हेच. निघायच्या आदल्या दिवशी लस घेऊन उपयोग नाही, किमान पंधरा दिवस आधी. मग पाठोपाठ शाळा सुरू होतात, मुलं घरी काय काय घेऊन येतात, आणि त्यानंतर गणपतीतली गर्दी.

दुकानात विचारताना एवढंच विचारा, "कुठल्या सीझनची आहे?" बॉक्सवर वर्ष असतं, आणि इंग्रजीत एनएच किंवा एसएच लिहिलेलं असतं, म्हणजे उत्तर किंवा दक्षिण गोलार्ध. एप्रिल-मेमध्ये घेत असाल तर त्याच वर्षाची एसएच मागा, ती सगळ्यात ताजी असते. एक्स्पायरीही बघा. जुना स्टॉक मेमध्ये खपवला जातो, असं आमच्या कॅम्पसाठीही एकदा झालं होतं, बॉक्स हातात घेऊन बघितल्यामुळे कळलं आणि परत केला.

आणि मे चुकला तर? जुलै-ऑगस्टमध्येही घ्या, काहीच न घेण्यापेक्षा बरं.

लसीनेच फ्लू होतो. माझ्या जावेला दुसऱ्याच दिवशी ताप आला

दंडात टोचतात त्या लसीत मेलेल्या व्हायरसचे तुकडे असतात, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. मग ताप का आला? एक तर शरीर कामाला लागलं की थोडी कणकण येतेच, एक-दोन दिवसांत जाते. दुसरं, ते दोन आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाहेरून खरा फ्लू लागला असेल. आणि तिसरं, पावसाळ्यात डझनभर दुसरे व्हायरस फिरत असतात, डेंग्यूही असतो, त्यांच्यावर ही लस चालत नाही, ती फक्त इन्फ्लुएन्झाची आहे. तुमच्या जाऊबाईंना यातलं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही, पण लसीने फ्लू दिला नाही हे नक्की.

साइड इफेक्ट काय काय? खरं सांगा

दंड दुखतो, कधी लालसर होऊन सुजतो. अंगदुखी, डोकेदुखी, हलका ताप. बहुतेकांना दंड दुखण्यापलीकडे काही होत नाही.

गंभीर गोष्टीही सांगते, लपवून काही फायदा नाही. कुठल्याही लसीप्रमाणे तीव्र ॲलर्जी येऊ शकते, साधारण दहा लाखांत एखाद्याला, आणि ती बहुतेकदा लगेचच येते म्हणून लस घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसायचं, "मला घाई आहे" म्हणून निघायचं नाही. दुसरं, गिलान बारे सिंड्रोम, ज्यात हातापायातली ताकद जाते. अमेरिकेत १९७६ च्या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर असे पेशंट वाढले होते, साधारण एक लाखात एक. आताच्या लसींमध्ये धोका दिसलाच तर तो दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यावरही हाच आजार होऊ शकतो. पूर्वी तुम्हाला गिलान बारे होऊन गेला असेल, विशेषतः एखाद्या फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. आधीच्या डोसला जोरदार ॲलर्जी आली असेल तरी तसंच.

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी सिस्टरला सांगा, नंतर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही.

आम्ही अंडंही खात नाही. लसीत अंडं असतं का?

आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न दरवर्षी दोन-तीन घरांतून येतो आणि मी गोल गोल उत्तर देत नाही. फ्लूच्या बहुतेक लसींसाठी व्हायरस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग शुद्ध करतात, तरी अंड्यातल्या प्रोटीनचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. अंड्याशिवाय बनवलेल्या लसीही जगात आहेत, डॉक्टरांना विचारून बघा. तुमच्या धर्माचा, व्रताचा प्रश्न तुम्हीच ठरवायचा. मी पाहिलंय की बऱ्याच कडक शाकाहारी घरांनी औषध म्हणून ती स्वीकारली, काहींनी नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला नाही.

अंड्याची ॲलर्जी असेल तर तो वेगळा मुद्दा. आधी अशा लोकांना लस देत नसत, आता २०२३ पासून अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचंही म्हणणं आहे की अंड्याच्या ॲलर्जीसाठी वेगळी खबरदारी लागत नाही. तरी आधी सांगून ठेवा, आणि जिथे ॲलर्जी सांभाळता येईल अशा दवाखान्यातच घ्या.

दिवस गेलेत, बाळाला काही होणार नाही ना?

टोचायची लस गरोदरपणात चालते, आणि द्यावी असंच सांगतात. गरोदरपणात फुप्फुसांवर आधीच ताण असतो, २००९ मध्ये गरोदर बायकांचे हाल झालेले डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेत. आणि अजून एक फायदा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला जे संरक्षण मिळतं ते आईच्या अँटिबॉडीतूनच. आपल्याकडे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत देतात. तुमच्या गायनॅकना विचारा, आणि त्या स्वतःहून बोलल्या नाहीत तर तुम्ही विषय काढा.

मुलाला एक डोस की दोन?

सहा महिने ते आठ वर्षांपर्यंतचं मूल, आयुष्यात पहिल्यांदाच घेत असेल तर दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढच्या वर्षीपासून एकच. म्हणजे शाळा जूनमध्ये उघडणार असेल तर पहिला डोस एप्रिलमध्येच व्हायला हवा, हे आधीपासून डोक्यात ठेवा.

नाकात मारायची लस पण असते ना? सुईला घाबरणाऱ्यांसाठी

असते. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये अशीच नाकातून द्यायची लस बाजारात आणली होती. यात व्हायरस जिवंत पण दुबळा केलेला असतो, म्हणून गरोदर बायका, कॅन्सरचे पेशंट, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि दोन वर्षांखालची मुलं यांना ती देत नाहीत. घरातल्या नाजूक माणसाचा विचार करत असाल तर सुईवालीच बरी.

किती खर्च? सरकारीत फुकट मिळते का?

प्रायव्हेटमध्ये कंपनीप्रमाणे साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास, वर डॉक्टरांची फी. चार माणसांच्या घराला हा खर्च लहान नाही, मला कळतं. देशाच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात फ्लूची लस नाही. पण महाराष्ट्रात आरोग्य विभागाने २०१५ पासून गरोदर बायका, बीपी-शुगरचे पेशंट आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस सरकारी केंद्रांत मोफत द्यायला सुरुवात केली, आणि हे फार कमी लोकांना माहितीये. स्टॉक सगळीकडे, सगळ्या वेळी नसतो, म्हणून हेलपाटा मारण्याआधी जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सरकारी हॉस्पिटलात फोन करून विचारा. आज नाही म्हणाले तर कधी येणार तेही विचारा.

पैसे एकाच-दोघांपुरते असतील तर माझा क्रम असा, आधी घरातले आजारी किंवा वयस्कर, गरोदर बाई, मग लहान मूल, मग त्यांच्या सगळ्यात जवळ असणारा माणूस, बाकीचे नंतर.

तीन स्ट्रेनची की चार स्ट्रेनची?

फार डोकं लावू नका. चारातला बी-यामागाटा नावाचा एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना आता तिनावरच परत जायला सांगते. ताजी असेल ती घ्या.

कोविडच्या लसी झाल्यात, न्यूमोनियाची पण घेतलीय. तरी ही?

हो, तिन्हीचे शत्रू वेगळे. कोविडची लस फ्लूला थांबवत नाही. न्यूमोनियाची म्हणतात ती न्यूमोकॉकस नावाच्या बॅक्टेरियाची असते, आणि फ्लूनंतर छातीत जे इन्फेक्शन बसतं त्यात हाच बॅक्टेरिया बऱ्याचदा असतो, म्हणून वयस्कर माणसांना दोन्ही घ्यायला सांगतात. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या दंडांत घेतल्या तरी चालतं.

आम्ही रोज काढा घेतो, वाफ घेतो, हळदीचं दूध घेतो. ते पुरत नाही का?

घशाला बरं वाटतं, कफ मोकळा होतो, झोप लागते, जरूर घ्या, मीही घेते. पण आलं-तुळस-गवती चहाने फ्लूच्या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी तयार होत नाहीत. लस घेऊन काढा प्यायला कुणाचीच मनाई नाही. वाफ घेताना मात्र लहान मुलांना पातेल्यापासून लांब ठेवा, भाजतात.

आज सर्दी आहे, कॅम्प उद्या आहे

नुसती सर्दी, ताप नाही, तर घेता येते. ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा.

आई-बाबा सप्टेंबरमध्ये सहा महिने अमेरिकेला माझ्याकडे येतायत

मग त्यांचा पावसाळाही इथला आणि थंडीही तिकडची, दोन्ही सीझन त्यांच्या वाट्याला. मेमध्ये इथली एसएच घेतलेली असेल तरी निघायच्या आधी किंवा पोचल्यावर नवीन एनएच लस घ्यायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या सीझनची लस घ्यायला सहसा हरकत नसते. तिकडे ती फार्मसीत सहज टोचून मिळते, पण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये धरलेली असेलच असं नाही, आधी विचारून ठेवा. आणि नातवंडांनाही घ्यायला लावा, कारण आजी-आजोबांच्या मांडीवर तीच बसणार आहेत.

बाबा ऐकतच नाहीत. "आजवर एक इंजेक्शन घेतलं नाही, आता काय घेऊ?"

माझ्या वडिलांचंही हेच. मी आकडे सांगितले, कात्रणं दाखवली, भांडले, काही झालं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, त्यांच्यासाठी घ्या म्हणू नका, आईसाठी घ्या म्हणा. "आईला परत तसं झालेलं तुम्हाला चालेल का" एवढं एकच वाक्य मी बोलले आणि बाबा शर्टाची बाही वर करत उठले. म्हातारी माणसं स्वतःच्या जिवाला जपत नाहीत, पण जोडीदाराला जपतात. आणि त्यांना एकटं पाठवू नका, बरोबर जा, त्यांच्यासमोर आधी स्वतः टोचून घ्या.

तरीही नाही म्हणाले तर जबरदस्ती नको. घरातल्या बाकीच्यांनी घ्या.

लस घेतली नाही आणि आता ताप आलाय. काय करू?

नाजूक गटातलं माणूस असेल तर वाट बघू नका. ऑसेल्टामिव्हिर, लोक टॅमिफ्लू म्हणतात ते औषध, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत चालू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, उशिरानेही गंभीर पेशंटला देतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका, व्हायरसवर ते चालत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. घरातल्या बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत झोपा, जमत नसेल तर निदान तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी.

लगेच हॉस्पिटल गाठायचं ते असं काही दिसलं तर: बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय किंवा गुंगीत आहे, लघवी कमी झालीय, ताप उतरून परत जोरात चढलाय, बाळ दूध ओढत नाहीये किंवा बरगड्या आत ओढून श्वास घेतंय. घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून पडून असेल, ते काढून सेल बदलून ठेवा, ९४ च्या खाली आकडा गेला की फोन करत बसायचं नाही, निघायचं. आमच्या आईच्या बाबतीत शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात धाप लागली तेव्हाच निघायला हवं होतं, आम्ही सकाळपर्यंत थांबलो.

लस घेतल्यावर काही पथ्य?

काही नाही. आंघोळ चालते, जेवण नेहमीचं, गोळ्या नेहमीच्या. ज्या हाताने काम करता त्याच्या उलट्या दंडात घ्या. बॉक्सवरचं स्टिकर किंवा कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलचं रिमाइंडर लावा.